हेमराजभाऊ आणि धावपट्टीची घंटी

आमच्या विमान शाळेत माणूस ओळखायचा तो खांद्यावरून. चार पट्ट्या म्हणजे मुख्य प्रशिक्षक कॅप्टन राजदीप, तीन म्हणजे त्यांच्या हाताखालचे, एक म्हणजे नुकताच आलेला, अजून आईच्या फोनची वाट बघणारा विद्यार्थी. माझ्या खांद्यावर फक्त पर्सचा पट्टा असतो. मी तिथे हवामान शिकवते: ढग, वारा, धुकं, आणि या तिघांपुढे माणसाने शहाणपणा का करू नये. हेमराज कापगते यांच्या खांद्यावर बहुतेक वेळा एक ओलं फडकं असायचं. ते शाळेच्या अग्निशमन गाडीचे चालक होते आणि गाडी पुसणं हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे.

गाडी काही फार मोठी नाही. लाल रंग, मागे पाण्याची टाकी, फेसाचे डबे, पत्रा कापायचं एक यंत्र. नियम असा, की विमानं उडत असताना गाडी धावपट्टीजवळच्या शेडमध्ये तयार पाहिजे, चालक आणि त्याचा साथीदार तिथेच पाहिजेत, आणि इशारा मिळाल्यापासून तीन मिनिटांत धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला पोचलं पाहिजे. भिलाईजवळ नंदिनी नगरच्या त्या उघड्या माळावर रोज आठ तास, काही होऊ नये म्हणून तयार बसायचं, ही नोकरी. माझ्यावर आली असती तर मी दुसऱ्या दिवशी घरी पळाले असते.

हेमराजभाऊ मूळचे साकोलीकडचे. वडील धानाची बांधी भावाला कसायला सोपवून भिलाईला आले आणि कारखान्यात लागले. भाऊ खुर्सीपारमध्ये वाढले, कारखान्याच्याच फायर ब्रिगेडमध्ये शिरले आणि छत्तीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर लोक चारधामला जातात, हे महिनाभर घरी बसले आणि आमच्याकडे आले.

"घरी बसून काय करू, मॅडम?" मी विचारलं तेव्हा म्हणाले. "नलू म्हणते, तुमी दिवसभर घरात असले का माया पायात येते."

मी रायपूरची. आमचं घराणं चार पिढ्यांपासून तिथे, आणि आमच्या घरात मराठी जपून बोलतात, जशी काही ती धुतली तर आटेल. भाऊंची मराठी ऐकून सुरुवातीला मी मनात नाक मुरडलं होतं, हे कबूल करते. पण शाळेत हिंदी आणि इंग्रजीच्या गर्दीत मराठी बोलणारे आम्ही चार जण. मी, भाऊ, त्यांचा साथीदार धम्मपाल आणि दुर्गची एक विद्यार्थिनी, उर्वी. दोन महिन्यांत मीसुद्धा 'का हो?' ऐवजी 'कावून जी?' म्हणायला लागले. आईने फोनवर ऐकलं आणि विचारलं, तुला तिथे कुणी काही खायला घातलं का?

भाऊंची एक सवय सगळ्या शाळेला लागली होती. कारखान्यात यंत्रांच्या गदारोळात तोंडाने बोलून उपयोग नसतो, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. मूठ वर म्हणजे थांब. बोट गोल फिरवलं म्हणजे पाणी सोड. हात गळ्यावरून नेला म्हणजे बंद कर. भाऊ आणि धम्मपाल गाडीवर असेच बोलायचे, एक शब्द न उच्चारता. मुलांनी ते उचललं. केरळचा मुलगा आणि हरियाणाची मुलगी एकमेकांची भाषा न कळता हातांनी भांडायला लागली. कँटीनच्या मथुराबाई तर लांबून बोटं मोजूनच चहा ओतत. त्या खुणांमागे आणखी काही असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

आता घंटीची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्या घंटीमुळे झालं.

आमच्याकडे आधी भोंगा होता. मागच्या नोव्हेंबरात कॅप्टन राजदीप यांनी पहिल्यांदा न सांगता सराव घेतला. दुपारी सव्वादोनला भोंगा वाजवला. ठरलेलं असं होतं, की भोंगा वाजला की सगळ्यांनी इमारतीतून बाहेर पडून झेंड्याखाली जमायचं, डोकी मोजायची. बाहेर कोण आलं? दिल्ली, केरळ, हरियाणा आणि मी. इथली माणसं, म्हणजे माळी, चौकीदार, मथुराबाई, सफाईवाल्या दोघी, सगळी आत पळाली. कुणी पत्र्याखाली, कुणी भिंतीला पाठ लावून. मथुराबाईंनी तर जाता जाता एका विद्यार्थ्याची कॉलर धरून त्याला आत ओढलं.

कॅप्टन लाल झाले. "ये क्या मज़ाक है?"

हसले फक्त हेमराजभाऊ. त्यांनी कॅप्टनना बाजूला घेतलं. नंदिनीला चुनखडीच्या खाणी आहेत. सुरुंग लावण्याआधी खाणीत भोंगा होतो, आणि तो ऐकला की छपराखाली जायचं, उघड्यावर थांबायचं नाही, हे इथलं पोर चालायला लागतं तेव्हाच शिकतं. आमचा भोंगा अगदी तसाच वाजायचा, तोच जाड, लांब हुंकार, आणि वेळही दुपारचीच.

"साहेब, भोंगा म्हणजे अंदर," भाऊ म्हणाले. "बाहर निकालना है तो घंटी लगाओ. पतली आवाज़ वाली. वैसी आवाज़ इधर किसी की नहीं."

कॅप्टनना ते पटलं. आठवड्यात भोंगा उतरला आणि शेडवर, टॉवरवर, वर्गांवर, कँटीनवर विजेच्या चार घंट्या लागल्या. इतक्या बारीक आणि कर्कश, की दात शिवशिवतात. चाचणीच्या दिवशी बटण दाबायचा मान भाऊंना दिला. पुढच्या सरावात मथुराबाई कढई सोडून सगळ्यांच्या आधी झेंड्याखाली उभ्या होत्या. दर सोमवारी नऊला घंटी वाजवून बघायची आणि ज्याला ऐकू आली त्याने हात वर करायचा, असा नियमही झाला. शाळेच्या वार्षिक अहवालात कॅप्टननी भाऊंचं नाव घातलं. नलूवहिनींनी तो कागद देवघरात ठेवला.

डिसेंबरात उर्वीचं बिनसलं. उर्वी एकोणीस वर्षांची, दुर्गच्या वकिलांची मुलगी, हुशार आणि हट्टी. एका उतरण्यात विमान जोरात आपटलं, एका चाकावर कललं, आणि तिचे हात विमान चालवायच्या दांड्यावर गोठले. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकांनी सावरलं. काही झालं नाही, पण त्यानंतर ती शेडमध्ये फेसाच्या डब्यावर बसून रडत राहिली. मी समजूत घालायला गेले, तर भाऊंनी आधीच तिच्या हातात फडकं दिलं होतं आणि ती रडत रडत गाडीचा दिवा पुसत होती.

"भेव वाटते?" भाऊंनी विचारलं.

"वाटते काका. खूप डर लगता है."

"बरं आहे. ज्याले भेव वाटत नाही, त्याच्याच पायी तर हे गाडी ठेवली इथं."

ती हसली. मग नाक ओढत म्हणाली, "माझ्या सोलोच्या दिवशी गाडीवर तुम्हीच असाल ना?"

सोलो म्हणजे पहिल्यांदा एकट्याने उडायचं. शेजारच्या खुर्चीवर कुणी नाही. एक फेरी मारायची आणि उतरायचं. विद्यार्थी ती तारीख स्वतःच्या वाढदिवसासारखी लक्षात ठेवतात.

"मीच राहीन," भाऊ म्हणाले. "तू उतर. मी पायतो."

संक्रांतीला नलूवहिनींनी मला हळदीकुंकवाला बोलावलं. खुर्सीपारच्या त्या गल्लीत निम्मी घरं भाऊंच्याच बोलीची. बायका जमल्या होत्या, वाण म्हणून स्टीलच्या चाळण्या वाटणं चाललं होतं. भाऊ बाहेर ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते, दाराकडे पाठ करून. वहिनींना त्यांच्याकडून शेजारची सतरंजी हवी होती. त्या उठल्या, पण दारात गेल्या नाहीत. भिंतीवरचं बटण दाबलं, ओट्यावरचा दिवा लागला, विझला, लागला, विझला. भरदुपारी. भाऊंनी मान वर केली आणि आत बघितलं. वहिनींनी हाताने सतरंजीची खूण केली.

"हे काय?" मी हसत विचारलं.

"मंग काय बोंबलत बसू?" वहिनी म्हणाल्या. "आयकू कुठं येते त्यायले! जाड आवाज येते. ट्रक येते, भोंगा येते. बारीक बिलकुल नाही. परवा कुकरजवळ बसवलं, म्हटलं तीन शिट्ट्या झाल्या का गॅस बंद करजा. डाळीचा कोळसा झाला. हे तिथंच बसून होते, पेपर वाचत." मग माझ्या तोंडाकडे बघून त्या थांबल्या. "तुमाले ठाऊक नव्हतं का जी?"

माझ्या हातात तिळाचा लाडू होता. तो मला खाता आला नाही. बारीक आवाज ऐकू येत नाही. आणि घंटी बारीक लावा म्हणून सांगणारे हेच.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले ती भांडायच्या तयारीनेच. धम्मपाल तिथे होता. मी बोलायला तोंड उघडलं तशी त्याने मान खाली घातली, म्हणजे त्यालाही माहीत होतं.

"दर सोमवारी हात वर करता तुम्ही!" मी म्हणाले.

"सारे करते, मी बी करतो," भाऊ म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. "चाचणीच्या दिवशी बटण मीच दाबलं ना. बोटाले थरथर लागली, लोकायनं कानावर हात ठेवले, मले वाटलं मले बी आयकू येऊन राहिलं. पयल्या सोमवारी समजलं. सारे हात वर करून उभे, आन माया भवती सामसूम."

"पण हे झालं कसं?"

"पंपाच्या बाजूले उभं राहून जिंदगी गेली. बोळे देत होते कानात घालाले. मी खिशात ठेवत होतो. आवाजानं थोडीच माणूस मरते, म्हणत होतो." नोकरीवर घेताना डॉक्टरने समोर उभं राहून विचारलं होतं, सुनाई देता है? भाऊंनी त्याचे ओठ वाचून हो म्हटलं होतं.

धम्मपाल मध्ये पडला. हा पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप, भाऊंनीच काम शिकवलेला. "मॅडम, मी असतो ना संगं. घंटी वाजली का मी हात दाखवतो, भाऊ निंगते. आतापर्यंत एकदा बी चुकलं नाही."

"आणि तुम्ही समोर नसलात तर?"

धम्मपालने भाऊंकडे बघितलं.

"उर्वीचं सोलो होऊन जाऊ द्या," शेवटी भाऊ म्हणाले. "मार्चात आहे. मंग मीच साहेबाले सांगतो. पोरीले शब्द देल्ला मी. मी गाडीवर नाही दिसलो, त तिचे हात पुन्हा गोठतीन."

मी कॅप्टनकडे जायला हवं होतं. वर्गात मी मुलांना सांगते, की शंका आली तर उडू नका, कुणाला वाईट वाटेल म्हणून तर अजिबात उडू नका. ते शिकवायचा पगार घेते मी. पण भाऊंचा तो देवघरातला कागद माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि त्यांचं तोंड इतकं उतरलं होतं, की मी म्हणाले, बरं. दीड महिन्याचा तर प्रश्न आहे. त्या दीड महिन्यात मी रोज सकाळी शेडकडे बघून आधी धम्मपाल आला का ते बघायची.

फेब्रुवारीच्या शेवटी कॅप्टन माझ्या रिकाम्या वर्गात आले आणि दार लावून म्हणाले, आज सराव आहे, वारा सांगा. धावपट्टीच्या पूर्वेच्या टोकाला जुन्या पिंपात चिंध्या आणि तेल घालून पेटवणार होते. विमान पडलंय असं समजायचं. हे फक्त मला आणि टॉवरवाल्याला माहीत. मी वारा सांगितला. शेडमध्ये जाऊन एक शब्द टाकता आला असता, तो टाकला नाही. सरावात लबाडी नको, हे तत्त्व मला त्या दिवशी बरोबर आठवलं.

घंटी वाजली तेव्हा भाऊ शेडच्या मागे नळावर होते. वाकून फेसाचा रिकामा डबा विसळत होते. धम्मपाल गाडीच्या टपावर पाइप गुंडाळत होता. गाडीची चावी भाऊंच्या कमरेला दोरीने बांधलेली. ही कारखान्याची सवय, ज्याची गाडी त्याच्याच अंगावर चावी. धम्मपालने टपावरून हात दाखवले, ते बघायला समोर कुणी नव्हतं. त्याने हाका मारल्या. मग उतरला, शेडला वळसा घालून धावला, भाऊंच्या खांद्याला धरून फिरवलं. तोपर्यंत झेंड्याखाली सगळी शाळा जमून गाडीकडे बघत होती. गाडी पिंपापाशी पोचली ती पाच मिनिटं दहा सेकंदांनी. पिंपातलं जळायचं ते जळून गेलं होतं. विझवायला काही उरलं नव्हतं.

त्यानंतर सगळ्यांना माझ्या वर्गात बसवलं. कॅप्टन राजदीप ओरडणारे नाहीत. ते खिडकीशी उभे राहून बाहेर बघत बोलले, आणि ते जास्त वाईट होतं.

"पाच मिनट. उस ड्रम में कोई बच्चा होता तो?"

धम्मपाल उभा राहिला. "सर, चाबी मेरे पास थी. मैं बाथरूम गया था, बिना बताए. कापगतेजी मुझे ढूँढ रहे थे."

इतकं खोटं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि इतकं सहज बोललेलं तर नाहीच. उर्वी पहिल्या बाकावर होती. तिने वळून धम्मपालकडे असं बघितलं, की त्याने नजर फिरवली.

"कल से तुम गाड़ी पर नहीं आओगे," कॅप्टन खिडकीकडे बघतच म्हणाले.

भाऊ शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी बसले होते. कॅप्टनची पाठ, धम्मपालची पाठ. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. त्यांनी मला कोपराने हलवलं आणि हाताने विचारलं, काय झालं? मला खांदे उडवता आले असते. मी वही ओढली आणि लिहिलं, 'धम्मपालने सगळं स्वतःवर घेतलं. त्याला गाडीवरून काढलं.'

भाऊंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग उभे राहिले आणि बाकांमधून पुढे गेले.

"साहब, ये झूठ बोल रहा है. घंटी बजी. सबको सुनाई दी. मेरे को नहीं दी." त्यांचा आवाज नको तितका मोठा होता. "जिस दिन से लगी है, एक दिन नहीं सुनी. मेरे कान गए हैं साहब. बारीक आवाज़ नहीं आती."

कॅप्टन वळले.

"आपने पहले क्यों नहीं बताया?"

"बताता तो आप गाड़ी से उतार देते."

"वो तो मैं अब भी उतारूँगा."

"हाँ साहब," भाऊ म्हणाले. "उतारो. इसीलिए बताया."

त्यांनी कमरेची दोरी सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती, ती सुटेना. शेवटी धम्मपालनेच पुढे होऊन ती सोडवली आणि चावी हातात घेऊन तो सगळ्यांसमोर रडायला लागला. मीही रडले. मी म्हणाले, घंटीबरोबर लाल दिवा लावू, मग भाऊंना दिसेल. कॅप्टन शांतपणे म्हणाले, मॅडम, दिवा त्यालाच दिसतो जो दिव्याकडे बघत असतो. दिवा त्यांनी लावला, पण भाऊंना गाडी दिली नाही, आणि ते बरोबरच होतं.

भाऊंना ऑफिसात खुर्ची देऊ केली होती. त्यांनी एवढंच मागितलं, की उर्वीचं सोलो होईपर्यंत शेडजवळ उभं राहू द्या. त्या दोन आठवड्यांत त्यांनी धम्मपालला गाडीच्या स्टीअरिंगवर बसवून इतका पिळला, की तो मला म्हणाला, मॅडम, हे घरी गेले तर बरं. दिवसातून आठदा गाडी काढायची, पूर्वेला, पश्चिमेला, गवतात. भाऊ हातात घड्याळ घेऊन उभे. नव्या साथीदारालाही, प्रफुल त्याचं नाव, त्यांनीच तयार केलं.

सोलोच्या दिवशी सकाळी उर्वी शेडमध्ये आली. वर्गात सगळं ऐकलं होतं तिने, तरी विचारलं, "काका, तुम्ही म्हणाले होते गाडीवर तुम्हीच राहाल."

"म्हटलं होतं. चुकीचं म्हटलं होतं," भाऊ म्हणाले. तिने ओठ नीट दिसतील असं समोर उभं राहावं म्हणून त्यांनी तिला खांद्याला धरून उजेडाकडे वळवलं. "तुले बरं वाटावं म्हणून म्हटलं. पन तुले बरं वाटून काय होते पोरी? गाडी आली पायजे. ते हा आणन." आणि धम्मपालकडे बोट केलं.

ती वाकून त्यांच्या पाया पडली, आणि धम्मपालच्याही पडायला गेली, तो दोन पावलं मागे सरला.

वारा मी स्वतः तीनदा मोजला होता. पश्चिमेचा, हलका, मधूनच बाजूने एखादा झोत. चालण्यासारखा होता. उर्वी उडाली. भाऊ आणि मी शेडच्या कडेला, घंटीखालीच उभे होतो. त्या फेरीला सात मिनिटं लागतात. भाऊंनी त्या सात मिनिटांत विमानावरून नजर काढली नाही, पापणीही मिटली की नाही कोण जाणे. ते विमान वळलं, खाली येऊ लागलं, धावपट्टीच्या कडेवरून आत आलं आणि चाकं टेकली.

भाऊ माझ्याकडे वळले. दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"उतरली!" ते म्हणाले. "उतरली जी मॅडम! पायलं ना? फूल ठेवल्यावानी उतरली!"

त्यांच्या खांद्यावरून मला पलीकडचं दिसत होतं. टेकलेलं विमान पुन्हा उसळलं होतं. बाजूने झोत आला, डावा पंख खाली गेला, विमान तिरपं आपटलं आणि धावपट्टी सोडून गवतात घुसलं. पुढचं चाक मोडलं, नाक जमिनीत गेलं, पंखा तुटून उडाला. आमच्या डोक्यावर हातभर अंतरावर घंटी किंचाळायला लागली.

"तिच्या बाबाले फोन करा पयले," भाऊ म्हणत होते. "म्हणा, तुमची पोरगी एकटी गेली, एकटी आली. आन मले एक वेळ बोलू द्या त्यायच्या संगं. मी म्हणतो त्यायले..."

त्यांच्या मागून गाडी सुटली. मी नुसती त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. भाऊ बोलत होते, हसत होते, डोळे पुसत होते, घंटी वाजत होती, गाडी धावपट्टीवरून गवतात उतरली होती. मग त्यांनी माझा चेहरा बघितला आणि ते वळले.

टॉवरवाल्याने नंतर सांगितलं, गाडी एक मिनिट पन्नास सेकंदांत पोचली. धम्मपालने पट्टा कापला आणि उर्वीला काखेत धरून ओढून काढलं. ती वीस पावलांवर आली असेल, तेव्हा इंजिनाखाली सांडलेल्या इंधनाने पेट घेतला. प्रफुलने त्यावर फेस मारला. उर्वीचं मनगट मोडलं होतं आणि कपाळाला खोक पडली होती. रुग्णवाहिकेत घालताना ती सगळ्यांना सॉरी म्हणत होती.

रुग्णवाहिका गेली. घंटी बंद झाली. भाऊ तिथेच उभे होते, मी तिथेच उभी होते.

"घंटी कवा वाजली?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही उतरली म्हणालात तेव्हा."

"मी किती वेळ बोलत होतो?"

मला खोटं बोलता आलं असतं. "गाडी गवतात उतरेपर्यंत."

ते जमिनीवर बसले आणि रडायला लागले. आपण किती मोठ्याने रडतोय ते त्यांना कळत नव्हतं. कँटीनमधून माणसं बाहेर आली. मी त्यांच्यासमोर बसले, माझे ओठ त्यांना दिसतील अशी, आणि म्हणाले, "भाऊ, मला संक्रांतीपासून माहीत होतं. मी सांगायला हवं होतं. मी गप्प बसले."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ते समजून घेतलं. खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुसले.

"मायासाठी तुमी चुप रायल्या, मॅडम. धम्मपाल बी मायासाठीच चुप रायला. मी बी चुप रायलो," ते म्हणाले. "पोरीसाठी कोन बोलत होतं?"

त्यांनी ते रागाने विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं, आणि उत्तरासाठी ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.